जबान सांभाळून खेळ

सुलोचनाअक्कांच्या गिरणीत पहिल्यांदा दळण घेऊन गेले, तेव्हा आत भांडण जुंपलंय असं वाटून मी दारातच थबकले. पट्ट्याची खडखड, जात्याची घरघर आणि त्या सगळ्याच्या वर चढलेला एका बाईचा आवाज.

"ए! आईवरनं बोलायचं न्हाय! डाव खेळायला आलास का गटार उपसायला? घरात हाय का तुझी आई? दे, फोन दे तिच्याकडं!"

मी हळूच डोकावले. आत बाई एकटीच होती. भुवयांपासून पायाच्या बोटांपर्यंत पिठानं पांढरी, डोक्यावर पदर, कानात वायरी, हातात आडवा धरलेला मोबाइल. दोन्ही अंगठे असे चालले होते की जणू ओला हरभरा सोलायला बसलीय. मला बघून मान न वळवता म्हणाली, "डबा ठेवा तिथं बाई. जरा थांबा, एकाला मारायलेय."

मी मूळची लातूरची. बेंबळीच्या शाळेवर बदली झाली आणि या गिरणीला लागून असलेल्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. अक्का साठीला टेकलेल्या. लेक सोलापूरला दिलेली. घरात त्या आणि त्यांचे मालक अप्पा. अप्पांचे कान गिरणीच्या आवाजानं कधीच गेलेत. कपाळाला भस्म लावून ते दिवसभर दारातल्या खुर्चीवर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघून गोड हसतात. "ह्यांना ऐकू येत न्हाय म्हणून तर संसार झाला," असं अक्का त्यांच्या देखत म्हणतात, आणि अप्पा त्यालाही गोड हसतात.

गेमचं खूळ अक्कांच्या घरात जावयाच्या मागनं आलं. लेकीनं स्वतःला नवा फोन घेतला, जुना आईला दिला. त्या जुन्या फोनात जावयानं हा गेम टाकलेला होता. अक्कांनी तो काढला नाही. "जावयाची वस्तू. न इचारता काढायची कशी?" म्हणून तो तसाच राहिला. मग एकदा लाइट गेली, गिरणी बंद पडली, दळणाला आलेल्या बाया निघून गेल्या आणि अक्कांनी त्या चित्रावर बोट ठेवलं. त्या दिवसापासून लाइट आली तरी बोट निघालेलं नाही.

हा गेम काय असतो ते मला त्यांनीच समजावलं. "लई माणसं इमानातून एका बेटावर उड्या मारतेत. खाली घरं असतेत, घरात बंदुका. कुणाच्या घरात शिरायचं तर इचारायचं न्हाय. मग एकमेकाला मारायचं. शेवटाला जी चौघांची टोळी उरंल ती जिंकली."

"आणि तुम्ही बोलता कुणाशी?"

"आपल्या टोळीतल्या तिघांशी. कोण तिघं, ते गेमवालाच ठरवतो. लग्नासारखंच हाय बाई, पदरात कोण पडंल सांगता येत न्हाय."

पदरात पडायचे ते असे पडायचे की विचारू नका. कुठल्या कुठल्या गावची पोरं. ओळख ना पाळख, पण पहिलं वाक्य शिवीचं. एक दिवस अक्का माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कपाळावर आठ्या.

"बाई, तुमी शिकलेल्या. नुब म्हंजे काय?"

"नवशिका. ज्याला अजून नीट जमत नाही तो."

अक्का माझ्याकडं बघतच राहिल्या. "इतकंच? मग त्यात शिवी कुठं हाय? ते मेलं असं म्हणलं जसं काय म्या त्याचं घर जाळलं! नवशिका म्हंजे शिकायला आलेला. ह्यो काय पोटातनं बंदूक घेऊन आला व्हता?"

रागाच्या भरात त्या गेल्या आणि लगेच परत आल्या. "आन् दुसरा म्हणला, जा आंटी, भांडी घास. म्या म्हणलं, घासली की सकाळीच! तुझी घासून झाली का? तर पळून गेला."

पळून जाणं हा अक्कांच्या लेखी सगळ्यांत मोठा गुन्हा. शिवी देणाऱ्याला त्या झापतात, पण हरायला लागल्यावर गेम बंद करून अर्ध्यात निघून जाणाऱ्याचं नाव घेताना त्यांचा आवाज खाली येतो, जसा गावातल्या एखाद्या वाईट प्रकरणाबद्दल बोलताना येतो. त्या स्वतः कधीही अर्ध्यात उठत नाहीत. गिऱ्हाईक उभं राहो, दूध उतू जावो. एकदा तर तहसीलचे कुणी साहेब गाडी थांबवून रस्ता विचारायला आत आले. अक्कांनी त्यांना ज्वारीच्या पोत्यावर बसवून ठेवलं, टोळी मरेपर्यंत. मग उठून हात झटकत पत्ता सांगितला, वर चहाही पाजला.

सुरुवातीला अक्कांचा खेळ म्हणजे आनंदच होता. उडी मारली की विहिरीशेजारी नाहीतर भिंतीत. शत्रू समोर आला की "अगं बया" म्हणून फोनच पालथा घालायच्या. पण बाई चिवट. हळूहळू हात बसला. आता त्या एखाद्या झाडामागं बसल्या की बसल्या. सोबतची पोरं धावत सुटतात, धडाधड मरतात, आणि मेल्यावर अक्कांना शिव्या देतात की तू का नाही मेलीस.

इथंच अक्कांच्या संतापाची खरी भट्टी लागते. "हे बघा बाई, ह्यांनी मारलं तर ह्यांचा हात चांगला. ह्यांना कुणी मारलं तर त्यो बेइमान, काहीतरी खोटं करून खेळतो. म्या मारलं तर नशीब. म्या मेले तर बाईमाणूस. म्हंजे दुसऱ्याला काही येतंय, हे कबूलच करायचं न्हाय!" मग पिठाचा हात माझ्यासमोर नाचवत म्हणाल्या, "आपलं गिऱ्हाईक बी तसंच. भाकरी पांढरीफेक झाली तर ह्यांचं रान चांगलं. भाकरी चिरली तर अक्काची गिरणी वाईट!"

त्यांची स्वतःची एक रीत होती. ज्यानं आपल्याला मारलं त्याला डाव संपल्यावर दोन शब्द पाठवायचे. 'छान मारलंस.' इतकंच. मनापासून. त्यावर समोरून काय यावं? एकानं लिहिलं, 'आंटी, जळायलीस का?' दुसऱ्यानं थेट शिवी दिली. तिसऱ्यानं तर तक्रार नोंदवली आणि अक्कांचं बोलणं दोन दिवस बंद झालं. चांगल्याला चांगलं म्हटलं म्हणून शिक्षा! अक्का ते दोन दिवस गिरणीत मुक्यानं खेळल्या आणि सगळा राग दळणावर निघाला. आमच्या गल्लीत तेव्हा पीठ फार बारीक मिळालं.

"बोलायची तमीजच बिघडली बाई," त्या म्हणाल्या. "चांगलं म्हणलं तरी ह्यांना टोमणा वाटतो. म्हंजे ह्यांना आजवर कुणी चांगलं म्हणलंच नसंल का?"

मला हसू आलं होतं, ते तिथंच थांबलं.

तरी मारलेल्या माणसावर नाचायचा प्रकार त्यांनी अजून पाहिला नव्हता. गेममध्ये म्हणे तशी सोय असते. समोरचा पडला की त्याच्या अंगावर उभं राहून आपला माणूस नाचवायचा, टाळ्या वाजवायच्या, बोट दाखवायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अक्का इतक्या खवळल्या की अप्पांनाही ऐकू गेलं. "मेलेल्या माणसावर नाचतेत! आरं, रानातलं कोल्हं बी असं करत न्हाय!"

शाळेत मी ही गंमत सांगितली तर शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. एक सर म्हणाले, "या वयात बंदुका? जप करावा म्हणावं." हे सर गॅदरिंगच्या क्रिकेटमध्ये त्रिफळा उडाल्यावरही खेळपट्टी सोडत नाहीत. पंचच आंधळा, असं चार पोरांसमोर ओरडतात. त्यांना मी काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून गंमत म्हणून सांगणं बंद केलं. मला स्वतःलाच चीड यायला लागली होती. एक साठीची बाई आपल्या गिरणीत बसून, कुणाच्या अध्यात ना मध्यात, नियमानं खेळते. तिला येता जाता आईबहिणीवरून ऐकवणारे हे कोण लागून गेले?

आणि मग कोमल आली.

त्या दिवशी मी गव्हाचा डबा घेऊन गिरणीतच होते. अक्कांनी कानातल्या वायरी काढून ठेवल्या होत्या, त्यामुळं मलाही ऐकू येत होतं. टोळीत दोन पोरं, अक्का आणि चौथा कुणी 'वाघ' नावाचा गडी. वाघ छान खेळत होता पण तोंडातून शब्द काढत नव्हता. शेवटी कोंडीत सापडल्यावर वाघ बोलला, "मागं, मागं बघा!" आणि आवाज मुलीचा निघाला.

बस. मागच्या शत्रूकडं कुणी बघितलंच नाही. ती दोन पोरं तिच्यावर तुटून पडली. नंबर दे, कुठली आहेस, कसली आहेस. ती गप्प. मग ती गप्प आहे म्हणून घाण. ते शब्द मी इथं लिहू शकत नाही. मी म्हणाले, "अक्का, बंद करा ते!"

अक्कांनी गेम बंद केला नाही. त्यांनी उठून गिरणीचं बटण बंद केलं. इतक्या दिवसांत चालू दळण त्यांनी मधेच थांबवलेलं मी बघितलं नव्हतं. एकदम शांतता झाली. त्या शांततेत फोन तोंडाजवळ धरून त्या म्हणाल्या, "आता माझा आवाज नीट येतोय का? येतोय ना? मग ऐका. ती पोरगी तुमच्यापेक्षा चांगली खेळतीया. तुमी दोघं तिच्या जिवावर हितवर आलाव. तिचं चांगलं म्हणता येत नसंल तर नका म्हणू. पण जबान सांभाळून खेळायचं. न्हायतर म्या आत्ता बंदूक खाली ठेवते, आन् बघते तुमाला कोण वाचवतंय."

त्यातला एक खिदळला. अक्कांनी खरोखर बंदूक खाली ठेवली. दोघंही पोरं तिथंच मेली. मग अक्कांनी बंदूक उचलली आणि म्हणाल्या, "हं, बाळा, आता बोल. मागं कुठं बघू?"

त्या दोघीच शेवटपर्यंत टिकल्या. जिंकल्या नाहीत, पण टिकल्या. डाव संपल्यावर ती मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही कुठल्या?" तिच्या बोलीवरून अक्कांनी आधीच ओळखलं होतं. "तू आपल्याकडचीच की गं. व्हय ना?" ती कळंबची निघाली. एका दवाखान्यात नर्स. पुरुषाच्या नावानं खेळायची, मुकी राहून. तेव्हापासून रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती गेमवर येऊन अक्कांना आपल्या टोळीत बोलावून घ्यायची आणि अक्कांचा पहिला प्रश्न असायचा, "जेवलीस का?" बंदुकीची फैर चालू असताना, "मेथीला लसूण जास्त घालावा," असं बोलणारी टोळी त्या बेटावर दुसरी नसणार.

धाराशिवच्या स्पर्धेची बातमी कोमलनंच आणली. एका मंडळानं मंगल कार्यालयात हा गेम ठेवला होता, जोडीजोडीनं. पहिलं बक्षीस दोघांना एकेक नवा फोन. कोमलच्या फोनची काच तडकलेली, मधला भाग दाबला तरी चालायचा नाही. ती म्हणाली, "अक्का, जाऊ या." अक्का आधी नको म्हणाल्या. चारचौघांत बसून खेळायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला, ते मला दिसलं. पण कारण कळलं नाही. शेवटी पोरीसाठी तयार झाल्या. मी सोबतीला.

मंगल कार्यालय पोरांनी खच्चून भरलं होतं. पुढं मोठा पडदा, बाजूला खुर्चीवर मायक्रोफोन घेतलेला एक निवेदक. काठापदराचं इरकल नेसलेल्या अक्का आत आल्या तेव्हा एकानं त्यांना सांगितलं, "मावशी, लग्न उद्या आहे." अक्का म्हणाल्या, "असू दे. आज तुमची वरात बघायला आलेय." पोरं हसली. मला वाटलं, जमलं.

कोमल आणि अक्का पहिल्यांदा समोरासमोर भेटल्या. किडकिडीत मुलगी, चष्मा, हातात डबा. दोघी लाजल्या. मग अक्कांनी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि दोघी खेळायला बसल्या.

त्या एकेक जोडी हरवत गेल्या. पहिल्यांदा निवेदकाला गंमत वाटली. मग तो अक्कांच्या प्रत्येक गोळीला "नशीब बघा नशीब!" म्हणायला लागला. कोमलनं मारलं की "पोरीवर कोण गोळी झाडणार हो!" म्हणजे त्या हरल्या असत्या तर बायका म्हणून, आणि जिंकत होत्या तर लोकांनी सोडलं म्हणून. माझं डोकं तापायला लागलं होतं.

शेवटचा सामना दोन पोरांशी होता. छोटं मैदान, जोडी विरुद्ध जोडी. कोमलनं एकाला उडवलं आणि दुसऱ्यानं कोमलला. राहिल्या अक्का आणि तो एक. पोरं उभी राहिली. पडद्यावर दिसत होतं, तो भिंतीआडून बाहेर आला, दोन पावलं धावला आणि मधोमध थांबला. हलेना.

इकडं खुर्चीवर तो फोन हापटायला लागला. "नेट गेलं! अरे, नेट गेलं माझं!"

अक्का झाडामागं होत्या. समोर तो पुतळ्यासारखा उभा. एक गोळी, की दोन नवे फोन. कोमल कुजबुजली, "अक्का, मारा." निवेदक म्हणाला, "नियमात बसतं, मारा!" सगळं सभागृह ओरडत होतं, मारा, मारा. मीसुद्धा.

अक्कांनी बंदूक रोखलेली होती. त्यांनी ती खाली केली आणि थांबल्या. अंगठे वर उचलून धरले, जणू काचेला चटका बसतोय.

"अक्कांना बटण सापडेना!" निवेदक किंचाळला. "चष्मा द्या कुणीतरी अक्कांना!" मागून कुणीतरी ओरडलं, भाकरी थापा म्हणावं. दुसऱ्यानं त्याहून वाईट काही जोडलं. हशाचा लोट उठला.

नेट आलं. त्या पोरानं फोनकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं. त्याला कळलं होतं. मी शपथेवर सांगते, त्याला कळलं होतं. आणि त्यानं गोळी झाडली. अक्कांचा माणूस आडवा झाला. पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. आणि तो पोरगा आपला माणूस अक्कांच्या माणसावर उभा करून नाचवायला लागला.

मी उठले आणि थेट निवेदकाकडं गेले. काय काय बोलले ते आठवत नाही. वर्गात वापरायचा आवाज बाहेर पडला एवढं खरं, कारण पुढच्या दोन रांगा खाली बसल्या. "हा खेळ आहे? याला खेळ म्हणता तुम्ही? ज्यांनी वाट बघितली त्यांची टिंगल, आणि ज्यानं..." निवेदकानं मायक्रोफोन दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाला, "मॅडम, गेम आहे. एवढं काय मनावर घ्यायचं?" हे वाक्य म्हणणाऱ्याला मनावर घेण्यासारखं आयुष्यात काय असतं, ते मला आजवर समजलेलं नाही.

मागं वळले तर अक्का त्या पोरासमोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "हात चांगला हाय तुझा." तो खाली बघत होता. कोमल मात्र डोळे पुसत होती. "तुमच्यामुळं गेलं, अक्का," ती म्हणाली. "मला खरंच गरज होती त्या फोनची. तुम्हाला खेळताच येत नाही." डबा उचलला आणि ती कळंबच्या बसला निघून गेली. त्या दिवशी अक्कांना इतकं ऐकावं लागलं, पण त्या हलल्या फक्त या एका वाक्याला. स्टँडवर येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

बेंबळीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. माझा राग उतरत नव्हता. "का नाही मारलंत, अक्का? नियमात होतं ना?"

त्यांनी तिकिटाची घडी करून कनवटीला खोचली. मग म्हणाल्या, "त्यो तिथं नव्हता की बाई. मैदानातनं कुणीतरी उचलून नेलेल्या माणसाला बाद कसं धरायचं?"

मी त्यांच्याकडं वळून बसले.

"म्या कबड्डी खेळायचे," अक्का म्हणाल्या. "म्हाएरी, कळंबच्या पल्याडच्या वाशीकडं. शाळेत असताना. चढाईला माझ्यासारखी पोरगी त्या भागात नव्हती, हे म्या सांगत न्हाय, तवाचे गुरुजी सांगायचे. जत्रेत पोरींचा सामना ठेवलेला. लोक लई. म्या चढाईला गेले. दोघींना शिवून परतायलेय, दम चालू हाय, आन् बाजूला उभी असलेली माणसं बोलायला लागली. माझ्या पायावरनं. मांड्यांवरनं. आपल्याच वळखीची माणसं, बाई. माझा बाप तिथंच उभा व्हता."

एसटी समोरून येणाऱ्या कुठल्या गाडीला वाट द्यायला थांबली. अक्का थांबल्या नाहीत.

"बाप मैदानात आला. माझं मनगट धरलं आन् चालायला लागला. माझा दम चालूच व्हता. म्या कबड्डी कबड्डी म्हणतच त्याच्या मागनं गेले. गर्दीच्या भाएर आल्यावर दम सुटला."

"रागावले का तुमच्यावर?"

"न्हाय ना! मला एक शब्द बोलला न्हाय. आन् ज्यांनी घाण बोललं, त्यांना बी एक शब्द बोलला न्हाय." अक्कांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "त्योच तर राग हाय मला. इतकी वर्सं झाली, बाप गेला, तरी त्योच राग हाय. बोलणारी तिथंच राह्यली, आन् खेळणारीला उचलून नेलं. पुढं लगीनच लावलं."

"सामना कोण जिंकलं?"

"कुणी सांगितलंच न्हाय," त्या म्हणाल्या. "इचारायचं कुणाला?"

नंतर काही दिवस गिरणीतून नुसता गिरणीचाच आवाज येत होता. फोन खुंटीवरच्या पिशवीत. अप्पा दारातून आत वळून वळून बघायचे. ऐकू न येणाऱ्या माणसालाही काहीतरी बंद पडल्याचं कळलं होतं. एका दुपारी मी दळण घ्यायला गेले तर पिशवीतला फोन वाजत होता. अक्का बघेनात. मीच काढून दिला. कोमल होती. अक्कांनी फोन कानाला लावला. पलीकडून काही बोलणं येईना, नुसतं नाक ओढल्याचा आवाज. अक्कांनी जरा वाट बघितली आणि विचारलं, "जेवलीस का?"

तिथून मी बाहेर आले. दोघींचं पुढचं बोलणं माझं नव्हतं.

थंडीत आमच्या शाळेच्या मैदानावर आसपासच्या शाळांच्या स्पर्धा भरल्या. मुलींची कबड्डी माझ्याकडं. मी अक्कांना म्हटलं, "या ना बघायला. पोरींना दोन गोष्टी सांगा." त्यांनी मान हलवली. "नगं. माझ्यानं बघवत न्हाय." मी आग्रह केला नाही.

सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीपाशी गावातली रिकामटेकडी माणसं जमली. दर वर्षी जमतात. काही भिंतीवर बसतात, मोबाइल काढतात, आणि त्यांचं बोलणं आम्हा शिक्षिकांच्या कानावर पडतं तेव्हा आम्ही शिट्टी जोरात वाजवतो. माझं लक्ष पोरींकडं होतं. मध्येच जाणवलं की भिंतीकडून आज काहीच ऐकू येत नाही.

बघितलं तर अक्का. सकाळची गिरणी बंद करून आलेल्या, कोपरापर्यंत पीठ तसंच. त्या मैदानाकडं पाठ करून उभ्या होत्या. तोंड त्या माणसांकडं. हात मागं बांधलेले. काही बोलत नव्हत्या, नुसत्या एकेकाच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. भिंतीवरचे लोक चुळबुळत होते. एकानं मोबाइल खिशात घातला. दुसरा उतरून निघून गेला.

मैदानात आमची सातवीतली एक बारकी पोरगी चढाईला गेली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मी शिट्टी तोंडात धरून तिच्याकडं बघत होते आणि मधूनच अक्कांकडं. त्या वळल्या नाहीत. पण मागं बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट रुतली होती, आणि पोरीचा दम चालू होता तोवर अक्कांची पाठ श्वासानंही हलली नाही. पोरगी रेषेवर पडली, परत आली. अक्कांचे खांदे खाली आले.

मध्यंतरात मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेले. "अक्का, खेळ तर तिकडं आहे. तुम्ही बघितलाच नाहीत."

"बघायला तुमी हाव की," त्या म्हणाल्या. तांब्या घटाघटा रिकामा केला आणि पदरानं तोंड पुसलं. "पर त्या बारकीचा दम लई लांब हाय, बाई. लई लांब. तिला सांगा, कुणीतरी म्हणलं म्हणून."

"तुम्हीच सांगा ना."

अक्कांनी एकदा मागं, मैदानाकडं बघायला मान अर्धी वळवली. तेवढ्यात भिंतीवर कुणीतरी खाकरलं. त्या पुन्हा सरळ झाल्या, तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जावा तुमी. दुसरा डाव लावा. हिकडचं म्या बघते."